वाटणीतून सुटलेला चर

खालच्या रानात जायचं तर चपला हातात घ्यायच्या, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं. दिवाळी होऊन गेलेली, वरच्या रानांतून धुरळा उठायला लागलेला, आणि हे रान आपलं ओलंच. वरून वाळल्यासारखं दिसायचं, खपली धरायची, बारीक भेगासुद्धा पडायच्या. पण खपलीवर पाय ठेवला की खालचा चिखल घोट्यापर्यंत ओढून घ्यायचा. माझी नवी चप्पल त्यानं गिळली ती गिळलीच. मी बांधावर उभी राहून त्या रानाला शिव्या घातल्या. नवी सूनबाई मातीशी भांडते म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत. राग आला की समोर माणूस आहे की ढेकूळ, हे मी अजूनही बघत नाही.

माती म्हणाल तर दृष्ट लागावी अशी. पंचगंगेनं पिढ्यान् पिढ्या आणून टाकलेला गाळ, काळसर, लोण्यासारखा, खडा औषधाला सापडायचा नाही. आमच्याकडं अशा रानाला मळी म्हणतात. घोटाळा होता तो त्याच्या बैठकीत. नदीचा काठ उंच, वरची रानंही उंच आणि आमचं हे मधे बशीसारखं बसलेलं. पावसाळ्यात नदी चढायची, रानात शिरायची, चार दिवसांनी परत पात्रात जायची. पण जाताना निम्मं पाणी आमच्याकडं ठेवून जायची. भात लावून बघितलं होतं, ते श्रावणातल्या पुरानं दोनदा कुजवलं. म्हणून पावसाळा सोडायचा आणि नंतर पेरायचं, ही तिथली रीत.

पेरायचं म्हणजे वाफसा हवा. चिखल नाही आणि कोरडं ढेकूळही नाही, अशी बेताची ओल. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. खाली पडून फुटला तर वाफसा आला. आमच्या रानातला गोळा पडायचा तो थापलेल्या शेणीसारखा बसून राहायचा. तरी सासऱ्यांच्या हयातीत उशिरा का होईना ते रान पेरायला यायचं. हरभरा तर असा यायचा की घाटे मोडायला हात पुरायचे नाहीत.

नव्वदीच्या सुरुवातीला सासरे, आमचे आबा, गेले आणि वर्षाच्या आत वाटण्या झाल्या. दोघंच भाऊ. थोरल्या दिरांना वरचं रान आणि ओढ्याकडचा पट्टा, आमच्या मालकांना खालचं रान. भावकीतली मोठी माणसं सकाळपासून दोरी घेऊन फिरत होती. विहिरीच्या पाळ्या वाटल्या, गोठा वाटला, बांधावरचे नारळ वाटले, तांब्याचा बंब कुणाकडं जाणार यावर जेवणं थंड झाली. संध्याकाळी दोघा भावांनी एकमेकांकडं पाठ केली ती केलीच. मग मी आणि जाऊबाईंनीही बोलणं सोडलं. आमचं काही भांडण नव्हतं, पण तशीच पद्धत.

त्यानंतर आमचं रान बिघडत गेलं. मालकांनी ऊस लावला होता. तो गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडायला लागला. नदीकाठच्या माणसाला ऊस पिवळा दिसला की एकच सुचतं, पाणी कमी पडलंय. चावडीपासून दूध डेअरीपर्यंत ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. वर भेगा दिसत होत्याच. मालकांनी मोटर चालू केली आणि रान भरून घेतलं. ऊस आणखी पिवळा झाला. मग युरिया टाकला, आणखी पाणी दिलं. मुळं खाली गुदमरत होती आणि आम्ही वरून पाजत होतो. दुसऱ्या वर्षी ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या बायकांनी तो बघून कपाळाला हात लावला. गाडीभरसुद्धा धड निघाला नाही.

अशात एका भाद्रपदात वीटभट्टीवाला आला. पूर ओसरल्यावर ही माणसं काठाकाठानं रानं बघत फिरायची. त्यानं बांधावरून वाकून माती उचलली, बोटांत चोळली आणि मालकांना म्हणाला, "माती एक नंबर हाय की. वरची तीन-चार फूट तेवढी आमी नेतो. रान परत तुमचंच. उलट खाली बसलं म्हंजे पाणी पाजायला सोपं."

पाणी पाजायला सोपं! ज्या रानाला पाण्यानं मारलं होतं, त्याला आणखी खोल करून हा पाणी पाजणार होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मालक मान डोलवत होते. दोन वर्षं हात टेकलेला माणूस, त्याला कुणीतरी सुटका दाखवत होता. पावणं चहा पिऊन गेले. मार्गशीर्षात ट्रॅक्टर घेऊन यायचं ठरलं.

आमच्या पट्ट्यात तेव्हा ज्यांनी माती दिली त्यांची रानं आज तळी झालीत. पुढं दोन हजार सालानंतर मोठे पूर आले, तेव्हा त्यांत शिरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत हललं नाही. तिथं जलपर्णी वाढते आणि म्हशी डुंबतात. तेव्हा मला हे दिसलं होतं असं मी म्हणणार नाही. एवढंच कळत होतं की माती गेली तर परत आणायची कुठून? मुलांना दाखवायला एक खड्डा राहणार होता.

त्या दिवशी आमचं घरात कडाक्याचं वाजलं. शेवटी मी म्हटलं, "मला मार्गशीर्षापर्यंत वेळ द्या. तोवर रान पेरण्याजोगं झालं नाही, तर मी स्वतः पाट्या भरून ट्रॉलीत टाकते."

मालक हसले. "कर काय करायचं ते. राधानगरीकडची तू. भाताच्या मुलखातली. चिखल तुझ्या रक्तातच हाय."

ते चिडवायला म्हणाले, पण खरंच होतं ते. माझं माहेर भाताचं. आमच्याकडं पाणी अडवतात तितकंच सोडतातही. एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून ओहोळात, कुठून कुठं जाणार हे पोरींनाही ठाऊक असतं. इथं नदीकाठी येऊन बघते तो सगळे पाणी आणायला हुशार. ते पुढं जाणार कुठं, हे विचारणारा एक नाही.

दुसऱ्या दिवशी मी टिकाव आणि खोरं घेऊन रानाच्या मधोमध खड्डा काढायला लागले. वरची वीतभर माती काळी, चांगली. त्याखाली ती राखाडी होत गेली आणि त्यात जागोजाग तांबूस ठिपके आणि रेघा. जुन्या घमेल्याला गंज चढतो तशा. आणखी खाली तर नुसतीच राखाडी, निळसर झाक असलेली, आणि वास गटाराचा. उसाची जुनी मुळं तिथवर येऊन आडवी वळलेली, काळी पडलेली. मी खड्ड्यातच उभी होते, तेवढ्यात बाजूंनी पाणी पाझरायला लागलं. वर भेगा आणि हातभर खाली पाणी! मी मालकांना ओढत आणून दाखवलं. ते खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले.

"आबांच्या येळंला हे पाणी कुठं जात हुतं?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनंच ओढ्याकडं दाखवलं.

आणि मला आठवलं. लग्नाच्या वर्षी आम्ही बायका रानातून येताना पाय धुवायचो तो चर. आमच्या बांधापासून निघून, आता दिरांच्या वाट्याला गेलेल्या पट्ट्यातून, सरळ ओढ्यापर्यंत. कमरेइतका खोल. तो आता नव्हताच. त्या जागी दिरांच्या उसाच्या दोन सऱ्या डोलत होत्या. दिरांनी तो एका दिवसात बुजवला नव्हता. दरवर्षी नांगर हातभर इकडं सरकवला, बस्स. बांध कोरणं हा आमच्याकडचा जुना खेळ. इथं चरच कोरला गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी म्हटलं.

"ठाऊक असून काय? त्याच्या दारात मी जायचा न्हाय."

झालं. दोन भावांच्या ताठ्यापायी सबंध रान बुडत होतं आणि दोघंही मिशीला पीळ देत बसले होते. मी म्हटलं, तुम्ही नका जाऊ, मी जाते.

थोरल्या दिरांशी धाकट्या भावजयीनं थेट बोलायचं नाही, ही रीत. म्हणून मी जाऊबाईंकडं गेले. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "आक्का, आमचं पाणी तुंबलंय. पूर्वीचा चर तेवढा उकरू द्या."

त्यांनी मान वर केली नाही. "मला काय इचारतीस? रान त्यांचं हाय."

तेवढ्यात बाहेरच्या सोप्यातून दिरांचा आवाज आला. माझ्याशी नाही, भिंतीशी. "वाटणीत चर हुता काय म्हणावं? इचार तिला. दोरी लावली तवा कुणी चराचं नाव तरी काढलं?"

मी आल्या पावली परतले. बंब वाटला होता, नारळ वाटले होते. चर कुणीच वाटला नव्हता. पाण्याची वाट कुणाच्या वाट्याला घालायची हे त्या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तिडीक उठली होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला असता तरी मी त्याला झाडलं असतं.

पण चिडून पाणी निघत नाही. दोन दिवस मी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मालकांना काही न सांगता, जाऊबाईंच्या वरच्या रानात गेले. त्यांचा भुईमूग काढायला आला होता. हस्ताचं आभाळ भरून येत होतं आणि वेल उपटायला हात कमी. चार-पाच बायका ओळीनं बसल्या होत्या. मी पदर खोचला, ओळीच्या शेवटी जाऊन बसले आणि वेल उपटायला लागले.

जाऊबाई उठून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "तुला कुणी बोलावलं?"

"पैऱ्याला आलेय."

"मला नको तुझा पैरा."

"मग हाताला धरून उठवा."

पैरा म्हणजे काय ते सांगते. मी तुझ्या रानात राबायचं, मग तू माझ्या रानात तेवढंच राबायचं. मजुरी नाही, लिहिणं नाही. पण पैरा बुडवणारी बाई आमच्या गावात मान वर करून पाण्याला जाऊ शकत नाही. पुढच्या वर्षी तिच्या रानाकडं कुणी फिरकत नाही. आणि आलेल्या पैऱ्याला बांधावरून हाकलून लावणं तर त्याहून वाईट. जाऊबाई हे माझ्यापेक्षा जास्त ओळखून होत्या. पुटपुटत त्या जागेवर जाऊन बसल्या.

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. वेल उपटले, शेंगा तोडल्या, पाऊस आला तशी पोती झाकायला धावले. जाऊबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. एकदा दुपारी जेवायला बसलो, तेव्हा त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी मोडून त्यावर ठेचा घातला आणि माझ्यापुढं ठेवली. तोंड दुसरीकडंच. मी ती खाल्ली. भुईमूग घरात येईपर्यंत मी एक दिवस चुकवला नाही. मालकांना कळलं तेव्हा ते दोन दिवस धुमसले. मी म्हटलं, तुमचा ताठा तुमच्याजवळ ठेवा, मला रान वाचवायचंय.

दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला आणि दिरांचा ओढ्याकडचा ऊस पहिल्या टोळीत गेला. पट्टा मोकळा झाला, नुसता पाचोळा आणि पुन्हा फुटायला, म्हणजे खोडव्याला, राखलेली बुडखं. मी याच दिवसाची वाट बघत होते. संध्याकाळी जाऊबाईंच्या दारात उभी राहिले.

"आक्का, पैरा फेडायला या."

"तुमच्या रानात फेडायला हाय काय? चिखल?"

"चिखलच काढायचाय. चर उकरायचा."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "म्हंजे माझ्याच हातानं माझंच रान उकरायला लावतीस व्हय गं?"

"व्हय."

मी मनातून हरले होते, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लई बेरकी हाईस." आणि जरा थांबून, हळूच, "वाटण्या त्यास्नी करायच्या हुत्या. आपल्याला कुणी इचारलं न्हवतं."

सकाळी त्या खोरं खांद्यावर टाकून आल्या. भुईमुगातल्या सगळ्या बायकांना घेऊन आल्या. आम्ही ओढ्याच्या अंगानं सुरुवात केली. माहेरचा धडाच तो, चर नेहमी खालून वर काढत यायचा, म्हणजे पाणी अंगावर येत नाही. माती खोऱ्याला चिकटायची, प्रत्येक घावाला निपटून काढावी लागायची. हाताला फोड आले. कुणी गाणं म्हणत नव्हतं, सगळ्यांचा दम मातीतच जात होता.

निम्म्यावर आलो आणि बांधावर दीर उभे. त्यांचा आवाज ओढ्यापलीकडं गेला असेल. "कुणाला इचारून चाललंय हे?"

मी पदर पुढं ओढून खाली बघत राहिले. जाऊबाई मात्र कंबर सरळ न करताच म्हणाल्या, "पैरा फेडतोय आमी. बुडवू म्हणता काय?"

एवढ्या बायका खोरी थांबवून त्यांच्याकडं बघत होत्या. पैरा बुडव, हे गावात कुठला बाप्या आपल्या बायकोला चारचौघींत म्हणेल? दीर उभे राहिले. जायला वळले, परत फिरले आणि आभाळाकडं बघून म्हणाले, "वाकडा काढू नका म्हणावं. सरळ काढा. न्हाईतर पाणी माझ्याच खोडव्यात घुसंल."

जाऊबाई खाली तोंड करून हसत होत्या. मी हसले नाही, मला रडूच येत होतं.

तिसऱ्या प्रहरी आमच्या बांधाला भिडलो. शेवटचं ढेकूळ मी काढलं. आधी काहीच झालं नाही. मग चराच्या तोंडाशी माती ओली चमकली, एक बारीक धार सुटली आणि तांबूस, घाण वासाचं पाणी खाली चालायला लागलं. मी मटकन चिखलात बसले. माझ्या मुलांचे जन्म सोडले तर मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण चर काढला म्हणून रान लगेच सुकत नाही. पहिल्यांदा चराजवळची कड उजळली, मग तो उजळपणा रोज थोडा आत सरकायला लागला. मी रोज सकाळी रानाच्या मध्यावर जाऊन मूठ दाबायची आणि गोळा सोडायची. तो तसाच बसायचा. मालक एकदाही चर बघायला आले नाहीत. मार्गशीर्ष लागला. भट्टीवाल्याचा निरोप आला, गुरुवारी सकाळी ट्रॅक्टर घेऊन येतो.

बुधवारी गोळा पडला आणि त्याचे तुकडे झाले. भुगा नाही, चारच तुकडे. मला खात्री वाटेना. मी पुन्हा केला, पुन्हा तुकडे. जेवताना मालकांना म्हटलं, "आज गोळा फुटला."

ते हूं म्हणाले आणि हात धुऊन झोपायला गेले. मी ओळखलं, आता काही उपयोग नाही. शब्द मीच दिला होता. पाट्या भरायच्या तर भरायच्या, पण त्या माणसाच्या तोंडावर चार शब्द सुनावूनच, असं ठरवून मी पडले.

सकाळी उठले तर अंथरूण रिकामं आणि गोठाही रिकामा. गुरुवारची पूजा घाईनं उरकून मी रानाकडं निघाले. लांबूनच दिसलं, वाटेवर ट्रॅक्टर आणि ट्रॉली उभी, पाटी-फावडी घेतलेली माणसं बांधावर बसलेली, आणि भट्टीवाला कमरेवर हात ठेवून उभा. जवळ गेले तेव्हा रान दिसलं. मालक कुळव धरून बैलांमागं चालले होते. निम्मं रान कुळवून झालेलं. बांधावर पेरायची कुरी आणि हरभऱ्याचं पोतं.

भट्टीवाला म्हणत होता, "आवं, ठरलं हुतं की आपलं."

"ठरलं हुतं," मालक म्हणाले. बैल थांबवले नाहीत. "पर वाफसा आलाय, पावणं. आता थांबाया सवड न्हाई. तेवढा ट्रॅक्टर मागं घ्या, बैलांस्नी वळायला जागा लागती."

ट्रॅक्टर मागं गेला. मालकांनी कुळवणी उरकली, कुळव सोडून कुरी जुंपली. कुरीवर लाकडाची वाटी असते, चाडं म्हणतात तिला. त्यात मुठीनं बी सोडत मागून चालायचं. हात सारखा लागतो, कमी नाही, जास्त नाही. आजवर मालक त्यासाठी शेजारच्या म्हातारीला बोलवायचे. माझा हात रागीट, मी बी फेकून मारीन म्हणायचे.

मी म्हातारीला हाक मारायला वळले.

"तिकडं कुठं चाललीस?" ते मागून म्हणाले. "मूठ तू धर. रान तू राखलंयस."